गाडी सरळ चालते, तरी टायर खाते

मेच्या शेवटी भांडुपला एलबीएस रोडवर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातली हवा गेली. पंक्चरवाल्याने चाक काढलं, आडवं टाकलं आणि खिळा शोधायचं सोडून मलाच हाक मारली. "दादा, जरा इकडे या. हे बघितलंय का कधी?"

टायरची बाहेरची कड, जी गाडीत बसताना रोज डोळ्यांसमोर असते, एकदम ठणठणीत होती. नक्षी खोल, रबर काळंभोर. आतली कड मात्र पार गोटा. एका जागी रबरातून बारीक तारा डोकावत होत्या. बोट लावलं तर टोचल्या. "याला पॅच मारून देणार नाही," तो म्हणाला. "स्टेपनी टाका आणि हळू घरी जा."

मला धक्का बसला तो पैशांचा नव्हता. चारच महिन्यांपूर्वी अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणं, करून घेतली होती. तो कागद अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात होता आणि त्यावरचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, होते. गाडी कुठल्या बाजूला ओढत नव्हती, स्टीअरिंग थरथरत नव्हतं. हायवेवर नाकासमोर चालायची. मग खोटं कोण, कागद की टायर?

खोटं कुणीच नव्हतं. पण ते कळायला मला दोन रविवार आणि ओळखीच्या टायरवाल्या काकांची बरीच बोलणी खावी लागली. जे कळलं ते इथे लिहितो.

टायर बघायचा कसा

आपल्याकडे टायर झिजला की एकच सल्ला मिळतो: अलाइनमेंट करून घे. डोकं दुखतंय तर गोळी घे, तसा. काकांचं म्हणणं असं की मशीनवर जायच्या आधी टायर नीट बघा, कारण मशीन गाडीची आजची अवस्था सांगतं आणि टायर गेल्या सहा महिन्यांची.

इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये गाडी उभी असताना स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. पुढचे टायर मडगार्डच्या बाहेर येतात आणि आतली कड दिसते. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा टॉर्च लावून हात टायरच्या मागे घाला आणि व्हिडिओ काढा. उकिडवं बसून मान वाकडी करण्यापेक्षा हे बरं.

मग खोली मोजा. नक्षीची खोली मोजायचा गेज अगदी स्वस्तात मिळतो. नव्या टायरची नक्षी साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल असते. मधल्या चरांमध्ये जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायरच्या खांद्यावर एक लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं की टायर कायद्यानेही संपला. मुंबईच्या पावसात मी तेवढी वाट बघणार नाही. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर चरांमधून पाणी नीट बाहेर फेकत नाही, आणि जुलैमध्ये वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ब्रेक मारल्यावर ते कळून उपयोग नसतो.

मोजायचं एका जागी नाही. आत, मध्ये आणि बाहेर, अशा तीन जागी. हे तीन आकडे चारही टायरचे लिहून ठेवले की अर्धं निदान झालं.

मधला आकडा सर्वांत कमी असेल तर हवा जास्त ठेवली जातेय; टायर फुगून पोटावर चालतोय. दोन्ही कडा कमी आणि मध्य जाड असेल तर हवा कमी. टायर दबून खांद्यांवर चालतोय. आजकालच्या रेडियल टायरमध्ये तारांचा पट्टा कडक असल्याने जास्त हवेची खूण पूर्वीइतकी ठळक उमटत नाही, कमी हवेची मात्र हमखास उमटते.

हवेच्या बाबतीत आपण भलतेच बेफिकीर. पंपावर "किती ठेवू?" विचारलं की तोंडातून आपोआप "पस्तीस" निघतं, गाडी कुठली का असेना. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. बऱ्याच गाड्यांना रिकामी असताना एक आणि पाच माणसं असताना दुसरा, असे दोन आकडे दिलेले असतात. सीएनजीवाल्यांनी हे आवर्जून वाचावं: डिकीतला भरलेला सिलिंडर म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसल्यासारखा. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना. दादरहून घोडबंदरपर्यंत तापवून आणलेल्या टायरचा आकडा वाढलेलाच दिसणार. पाच-सहा अंश तापमान वाढलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय (पंपावरचा "पस्तीस" याच मापातला) वाढतो. नायट्रोजनच्या नादाला लागायचं तर लागा, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

हवेचं एवढंच. पुढचं जरा खोलात जाऊन बघू.

एकच कड गेली असेल तर

चाकाच्या तीन कोनांची नावं अलाइनमेंटच्या कागदावर असतात: टो, कॅम्बर आणि कॅस्टर.

टो म्हणजे पावलं. काही माणसं चालताना पावलं आत वळवून टाकतात, काही बाहेर फाकवून. गाडीकडे वरून पाहिलं आणि पुढच्या दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली दिसली तर टो-इन, फाकलेली दिसली तर टो-आउट. कॅम्बर म्हणजे चाकाचा कल. गाडीसमोर उभं राहून बघा: चाकाचा माथा आत इंजिनाकडे झुकला असेल तर कॅम्बर उणे, बाहेर झुकला असेल तर अधिक. कॅस्टर समजायला सायकल बघा. पुढचा फोर्क सरळ खाली येत नाही, तिरका येतो. त्या तिरपेपणामुळे वळणानंतर हँडल आपोआप सरळ होतं. गाडीचंही तसंच. कॅस्टर टायर फारसा खात नाही, गाडी ओढते की नाही याच्याशी त्याचा संबंध.

टायर खाणारा खरा राक्षस म्हणजे टो. तो किती खातो हे काकांनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो, मग घरी येऊन हिशेब केला.

एका अंशात ६० मिनिटं. समजा पुढचं प्रत्येक चाक १२ मिनिटं, म्हणजे अंशाचा पाचवा भाग, वळलेलं आहे. लहान गाडीत दोन चाकांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजलं तर अशा वेळी उणापुरा चार मिलिमीटरचा फरक निघतो. डोळ्याला काहीच दिसत नाही. गाडी एक किलोमीटर सरळ गेली की ते चाक साडेतीन मीटर बाजूला जाऊ पाहतं. पण गाडी त्याला जाऊ देत नाही, कारण समोरचं चाक तितक्याच जोराने उलट्या बाजूला ओढत असतं. मग ते साडेतीन मीटर जातात कुठे? रबरात. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. नक्षीचा प्रत्येक ठोकळा तिथे टेकतो, आडवा ताणला जातो आणि रस्ता सोडताना झटक्याने परत येतो. किलोमीटरमागे सुमारे साडेपाचशे वेळा. काही ताण रबर लवून पचवतं, उरलेला घासून जातो.

आता १०,००० किलोमीटरचा हिशेब करा. पस्तीस किलोमीटर. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटरचं. म्हणजे वर्षभरात तुमचा टायर पूर्ण बोरीबंदर ते ठाणे आडवा ओढला जातो, आणि तुम्ही म्हणता गाडी झकास चालतेय!

झकास चालतेच, गोम तिथेच आहे. टो दोन्ही पुढच्या चाकांवर सारखा वाटला जातो. डावं जितकं उजवीकडे ढकलतं, तितकं उजवं डावीकडे. बेरीज शून्य. त्यामुळे "गाडी ओढत नाही म्हणजे अलाइनमेंट बरोबर" हे जे आपण धरून चालतो, ते टोच्या बाबतीत साफ चूक आहे.

पण टो आपली सही सोडून जातो, आणि ती डोळ्यांनी नव्हे, हाताने वाचायची असते. गाडी थंड असताना तळहात टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. (कडेला तारा निघालेल्या नाहीत ना, हे आधी बघा.) टो चुकलेला असेल तर एका दिशेने हात लोण्यासारखा सरकतो आणि उलट दिशेने करवतीच्या दातांवरून जावा तसा अडकतो. नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक कड गोल झालेली असते, दुसरी धारदार. लक्षात ठेवायला सोपं: हात ज्या दिशेने सहज सरकतो त्या दिशेला चाकाचं तोंड वळलेलं आहे. बाहेरून आत सहज गेला तर टो-इन, आतून बाहेर सहज गेला तर टो-आउट. टो-इन बाहेरची कड आधी खातो, टो-आउट आतली.

कॅम्बरची झीज वेगळी. एक कड गेलेली असते, पण हात दोन्ही दिशांनी सारखाच सरकतो, दातरे लागत नाहीत. माथा आत झुकलेला असेल तर आतली कड, बाहेर झुकलेला असेल तर बाहेरची. थोडा उणे कॅम्बर कंपनीच ठेवते, वळणावर टायर नीट टेकावा म्हणून, आणि तेवढ्याने टायर फारसा झिजत नाही.

अजून एक खूण. टोची झीज शक्यतो दोन्ही पुढच्या टायरवर येते, कमीजास्त का होईना. एकाच चाकाची कड गेली असेल, दुसरं धडधाकट असेल आणि दातरेही नसतील, तर त्या बाजूला काहीतरी वाकलंय असा संशय घ्यायचा. बहुतेकदा तो संशय डाव्या बाजूला खरा ठरतो. मुंबईत गटाराच्या झाकणांच्या बाजूने, फुटपाथच्या कडेने आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून जातं ते डावंच चाक. पाण्याखालच्या खड्ड्यात जोरात आदळलं तर रिम, लोअर आर्म किंवा शॉकअब्सॉर्बरचा दांडा, काहीही वाकू शकतं. घरच्या घरी एक ढोबळ तपासणी करता येते: स्टीअरिंग सरळ ठेवून टायर आणि मडगार्डची पुढची कड यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते डाव्या आणि उजव्या बाजूला बघा. एकीकडे पाच आणि दुसरीकडे तीन असतील तर चाक मागे ढकललं गेलंय.

माझ्या टायरवर हात फिरवला तेव्हा आतून बाहेर तो सुरळीत गेला आणि बाहेरून आत येताना कातडी सोलवटेल असा अडकला. उजव्या टायरवरही तेच, फक्त सौम्य. म्हणजे टो-आउट. आणि कागद सांगत होता की टो शून्याच्या आसपास आहे.

मागची चाकं आणि खेकडे

मागच्या चाकांकडे कोणी बघत नाही. बहुतेक लहान गाड्यांत मागे एकच आडवा ॲक्सल असतो आणि त्याचे कोन बदलायची सोयच नसते. तो फटका बसून तिरका झाला तर मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलतात आणि सरळ जायला तुम्ही स्टीअरिंग कायम जरासं वाकडं धरता. पावसानंतर ट्रॅफिकमध्ये पुढच्या टॅक्सी-टेम्पोंकडे मागून बघा. एखादी गाडी सरळ जातेय पण तिची मागची बाजू पुढच्या बाजूच्या रेषेत नाही, थोडी सरकलेली आहे, असं दिसेल. तीच खेकड्याची चाल. अशा गाडीचं फक्त स्टीअरिंगचं चाक सरळ करून देणारा माणूस तुमचे पैसे घेऊन तुम्हाला वाटेला लावतोय.

ओढणं, थरथरणं, घुमणं

या तीन तक्रारी लोक एकाच गाठोड्यात बांधतात आणि तिन्हींसाठी अलाइनमेंट मागतात.

गाडी ओढत असेल तर आधी रस्त्यावर संशय घ्या. पाणी वाहून जावं म्हणून दुभाजकापासून डाव्या कडेकडे रस्त्याला उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे जाणारच. अटल सेतूवर तर मी स्वतः फसलो होतो. २१.८ किलोमीटरचा तो पूल, दुपारची वेळ, गाडी सारखी एका बाजूला. परत येताना दुसऱ्या बाजूला. मग ट्यूब पेटली: समुद्रावरचा वारा. ओढणं तपासायला बिनवाऱ्याचा, सपाट आणि रिकामा रस्ता हवा. मुंबईत असा रस्ता मिळणं म्हणजे पहाटे साडेपाचला उठणं.

तरीही ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर). ओढ उलट बाजूला गेली की दोष टायरचा, कोनांचा नाही. टायर आतून किंचित शंकूसारखा बनलेला असला तर तो गाडीला एका बाजूला नेतोच, आणि कितीही अलाइनमेंट केली तरी जात नाही. दहा मिनिटं चालवून आल्यावर एका बाजूची रिम दुसरीपेक्षा फार तापलेली असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. हे सगळं नाही असं ठरलं की मग कॅम्बर आणि कॅस्टर. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये फरक असेल तर गाडी जास्त अधिक कॅम्बरच्या बाजूला जाते, कॅस्टरमध्ये असेल तर कमी कॅस्टरच्या बाजूला.

थरथरणं हा बॅलन्सिंगचा विषय, आणि त्याचा अलाइनमेंटशी काही संबंध नाही. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसलं की ठरावीक वेगाला, बहुधा ऐंशी-शंभरच्या घरात, गाडी थरथरते. स्टीअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. रिमला चिकटवलेलं छोटं वजन खड्ड्यात निखळून पडलं तरी हे होतं. वाकलेल्या रिमला मात्र वजनं चिकटवून उपयोग नसतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरताना डोळ्यांनी लचकताना दिसतं, तिथेच उभं राहून बघा.

घुमणं. तळहात यावेळी टायरच्या गोलाईवरून, फिरण्याच्या दिशेने न्या. उंच-खोल, उंच-खोल लाटा लागल्या तर शॉकअब्सॉर्बर गेलेला असण्याची शक्यता मोठी. चाक रस्त्यावर दाबून धरायला कोणी नाही म्हणून ते उड्या मारतं आणि जिथे आपटतं तिथे खड्डा पडत जातो. शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर तेल उतरलेलं दिसलं तर आणखी पुराव्याची गरज नाही. अशा टायरचा आवाज थेट खराब बेअरिंगसारखा येतो आणि कित्येकांनी चांगलं बेअरिंग बदलून पैसे घालवलेत. फरक ओळखता येतो: सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाज बदलला तर टायर, लांब वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेल्यावर वाढला किंवा थांबला तर बेअरिंग.

हिरवा कागद

आता माझ्या कोड्याकडे येतो. काकांनी गाडी रॅम्पवर घेतली, कागदाकडे पाहिलंही नाही. चाक तीन आणि नऊच्या जागी दोन हातांनी धरून हलवलं: टाय रॉड (स्टीअरिंगच्या जोरावर चाक वळवणारा दांडा) आणि त्याचा आतला सांधा, रॅक एंड, ठीक. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं: बेअरिंग, बॉल जॉइंट ठीक. मग खाली जाऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि दाबली. आर्म अंगठ्याएवढा सरकला. बुशचं रबर अर्ध्या गोलात फाटलं होतं. "हे बघ तुझं अलाइनमेंट," ते म्हणाले.

लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात. तो गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांमधून जोडलेला असतो. मशीनवर गाडी उभी असते, तेव्हा त्या बुशवर जोर नसतो, आर्म जागच्या जागी असतो, कोन बरोबर दिसतात. रस्त्यावर ब्रेक मारला की चाक मागे सरकतं. टाय रॉड मात्र त्याला आपल्या जागी धरून असतो. मग चाकाचं तोंड फिरतं. माझ्या गाडीत ते बाहेर फिरत होतं. एलबीएस रोडवर मुलुंड ते कुर्ला या पट्ट्यात मी किती वेळा ब्रेक मारतो याचा हिशेब नकोच. प्रत्येक वेळी टो-आउट, प्रत्येक वेळी आतली कड. मशीनने उभ्या गाडीचं खरं सांगितलं आणि टायरने चालत्या गाडीचं.

चार महिन्यांपूर्वी ज्या दुकानात अलाइनमेंट केली, तिथे कोणी गाडीखाली डोकावलंच नव्हतं. दहा मिनिटांत गाडी बाहेर. मीही घाईत होतो म्हणा.

तेव्हा क्रम असा: हवा, मग ढिले पार्ट, मग अलाइनमेंट. ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या खुर्चीवर उभं राहून भिंतीवरचं चित्र सरळ करणं.

मशीनसमोर उभं राहा

दुकानात एसीच्या खोलीत चहा पीत बसू नका. थ्रीडी मशीन असेल तर चाकांना ताटासारखे चकचकीत पाट लावतात आणि समोरचे कॅमेरे त्यांच्याकडे बघतात. पाट लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलली जाते. ते नाटक नाही, रिम वाकडी असली तरी तिचा दोष मोजमापात येऊ नये म्हणून करतात. त्याआधी चारही टायरची हवा सारखी केली का, ते बघा. डिकीत लग्नाचं सामान असेल तर उतरवा.

मग पडद्यावर दोन रकाने येतात: आधी आणि नंतर. "आधी"चा रकाना छापून मागा. नुसता "नंतर"चा कागद म्हणजे नुसतं निकालपत्र, पेपर नाही. सगळे आकडे आधीच हिरवे असतील आणि तरी टायर खातोय, तर दोष कोनात नाही, कोन धरून ठेवणाऱ्या पार्टमध्ये आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढचा टो तेवढा टाय रॉड फिरवून सेट करता येतो. कॅम्बर बदलायला वेगळा नट-बोल्ट दिलेलाच नसतो. शॉकअब्सॉर्बर जिथे चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) जोडलेला असतो तिथल्या बोल्टमध्ये थोडी जागा असते, तेवढीच हालचाल. त्यामुळे "साहेब, कॅम्बर आउट आहे, करून टाकू का?" असं कोणी विचारलं तर उलट विचारा: कसा करणार? बोल्ट ढिले करून जागा घेणार असेल तर ठीक. हायड्रॉलिक जॅक लावून दांडा वाकवणार असेल, तर मी गाडी उतरवून घेईन. एकदा खड्ड्याने वाकवलेला पार्ट दुसऱ्यांदा उलटा वाकवून आकडा हिरवा करता येतो, पार्ट नवा होत नाही. कॅम्बर खरोखर बाहेर असेल तर काय वाकलंय ते शोधून बदलायचं.

शेवटी स्टीअरिंग. अलाइनमेंटनंतर सरळ रस्त्यावर स्टीअरिंगचं चाक तिरकं दिसलं तर तिथूनच परत फिरा. दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवलेले नाहीत, किंवा काम करताना चाक मधोमध लॉक केलं नव्हतं. फुकट करून द्यायला पाहिजे.

आणि रोटेशन, म्हणजे पुढचे टायर मागे, मागचे पुढे. आठ-दहा हजार किलोमीटरला करावं, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो अशा गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून. पण तीन जागची मापं लिहून घेतल्यावरच. आधीच टायर हलवले तर कुठल्या चाकाने काय खाल्लं याचा पत्ता लागत नाही. टायरच्या अंगावर आकडेही वाचा: शेवटचे चार अंक म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवा म्हणून घेतलेला टायर दोन वर्षं गोदामात पडलेला निघाला, असंही होतं.

माझ्या गाडीचे दोन्ही बाजूंचे लोअर आर्मचे बुश बदलले, मग अलाइनमेंट केली, पुढे दोन नवे टायर टाकले. मार्चमध्ये ९,००० किलोमीटर झाल्यावर गेज लावला. डावा टायर: आत ६.१, मध्ये ६.०, बाहेर ६.२. उजवा: मध्ये ६.०, बाहेर ६.१, आत ५.५. हात आतून बाहेर फिरवला, बाहेरून आत फिरवला. दातरे नाहीत, दोन्हीकडून सारखाच. म्हणजे यावेळी टो नाही. कॅम्बर असावा, आणि ऑक्टोबरमध्ये कांजूरला उजवं चाक दुभाजकाच्या कडेवर चढलं होतं ते आठवलं. काकांना फोन केला. "रविवारी सकाळी ये," म्हणाले, "आणि यावेळी 'आधी'चा कागद घेऊन ये."